घरची भाजी म्हणून निर्धास्त?

सात वर्षांच्या मुलाला दूध, अंडं आणि शेंगदाणा, तिन्हींची ॲलर्जी. आईने विचारलं, "बाहेरच्या भाजीचा भरवसा वाटत नाही. सगळं घरीच कुंड्यांत पिकवलं, तर तो निर्धास्त खाईल ना?" हा प्रश्न समुपदेशनात वरचेवर येतो. त्यात दोन वेगळ्या भीती एकमेकींत गुंतलेल्या असतात, फवारणीची आणि ॲलर्जीची.

खऱ्या अन्न-ॲलर्जीत शरीर भडकतं ते त्या अन्नातल्या प्रथिनावर, त्यावर मारलेल्या औषधावर नव्हे. टोमॅटोची ॲलर्जी असेल तर घरचा, बिनफवारणीचा टोमॅटोही तितकाच नडतो. घरच्या बागेचा फायदा वेगळाच आहे: भाजीला काय काय लागलं ते आपल्याला ठाऊक असतं. निदान तसा आपला समज असतो.

या घरात कुंड्या सुरू झाल्यापासून मुलाच्या मनगटांवर अधूनमधून गांधी उठत होत्या. आईला मातीचा संशय होता. "कुंडीत जे जे पडतं त्याची यादी करून आणा," एवढंच तिला सांगितलं. यादी अशी: शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून केलेलं पाणी, अंड्याच्या टरफलांचा चुरा, आणि पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली की पातळ दुधाची फवारणी. मुलाला वर्ज्य असलेल्या तिन्ही गोष्टी बागेत हजर! शिवाय टरफलं दळली जात होती ती वाटणाच्याच मिक्सरमध्ये, आणि आतल्या पापुद्र्याला अंड्याचा पांढरा बलक चिकटलेला असतो.

पेंडीतला शेंगदाणा मुळांवाटे टोमॅटोत शिरतो, असं नाही. कुजताना प्रथिनं तुटतात आणि झाड नत्र घेतं ते मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात. धोका असतो तो बादलीत बुडणाऱ्या हातांना, पानांवर उडणाऱ्या शिंतोड्यांना आणि कोरड्या पेंडीच्या धुळीला. म्हणून पेंड आणि टरफलं बंद, कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती बदलली, मिक्सरचं भांडं वेगळं केलं. आता मिश्रण आहे दोन भाग माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं, उष्टं-खरकटं न घातलेलं कंपोस्ट. भुरीसाठी रोपांत अंतर ठेवून वारा खेळू द्यायचा आणि रोगट पानं खुडायची.

मासे किंवा कवचधारी जलचरांची ॲलर्जी असलेल्या घरात खताची पिशवी आणखी बारकाईने वाचावी. माशांचं खत, कोळंबी-खेकड्याच्या कवचांचा भुगा हे घटक त्यात असू शकतात, आणि खाण्याच्या पाकिटावर असते तशी ठळक ॲलर्जीची सूचना खतावर असेलच असं नाही.

आईची पुढची काळजी कॅल्शियमची होती. तिने पालक भरपूर लावला होता, पण त्यातल्या ऑक्झॅलेट या कॅल्शियम बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे ते जेमतेम 5 टक्केच शोषलं जातं. केल या कोबीवर्गीय पालेभाजीतलं 40 टक्क्यांच्या आसपास. एका कप दुधाइतकं कॅल्शियम अंगी लागायला शिजवलेला केल सुमारे दीड कप लागतो, पालक आठ कप. सात वर्षांचं कुठलं मूल रोज दीड कप केल खाईल? तेव्हा कुंडीत केल किंवा पाक चोय ही चिनी पालेभाजी लावावी (आठ इंच खोली, चार-पाच तास ऊन, बाहेरची पानं आधी खुडायची), पण डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम बंद करू नये.

नवी भाजी एका वेळी एकच, आधी शिजवलेली, थोडीशी, आणि तीन दिवस वहीत नोंद. परागकणांची ॲलर्जी असलेल्या काहींना कच्चं गाजर खाल्ल्यावर तोंडात खाज येते, तेच गाजर शिजवलं की बहुधा चालतं, कारण ते प्रथिन उष्णतेने मोडतं. सगळी प्रथिनं मोडत नाहीत. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला मटार सहसा पचतो, तरी आधी कधी खाल्ला नसेल तर पहिला घास डॉक्टरांना विचारूनच. टोमॅटोने ओठांभोवती आलेली लाली बरेचदा आंबटपणाची असते. मात्र गांधींसोबत उलटी, घरघर किंवा आवाज बसणं दिसलं, तर वाट पाहायची नाही: आधी ॲड्रेनलिनचं इंजेक्शन, मग दवाखाना. ते इंजेक्शन बागेत काम करतानाही हाताशी हवं, आतल्या कपाटात नको.

दोन महिन्यांनी मनगटं साफ होती. केलवर अळ्या पडल्या, त्या मुलाने एकेक वेचून काढल्या. खातो मात्र अजून दोनच पानं, त्यामुळे कॅल्शियमची गोळी सुरूच आहे.