‘शब्द देही झाला’ म्हणजे काय?

प्रश्न : नाताळच्या दिवशी मैत्रिणीबरोबर गुरुवार पेठेतील पंचहौदच्या चर्चमध्ये गेले होते. तेथे योहानाच्या शुभवर्तमानातील (बायबलमधील येशूच्या चरित्रातील) ‘शब्द देही झाला’, म्हणजे ईश्वराचा शब्द येशूच्या रूपाने मनुष्य झाला, हे वाक्य ऐकले. आमच्या घरी अवताराची कल्पना नवी नाही, त्यामुळे त्यात वावगे काही वाटले नाही. परंतु ईश्वर सर्वसमर्थ असेल, तर पापांची क्षमा त्याने नुसत्या शब्दाने का केली नाही? त्यासाठी जन्म आणि मरण कशाला हवे होते?
— एक वाचक, पुणे

उत्तर : क्षमेपुरते बोलायचे, तर ती नुसत्या शब्दानेही झालेली आहे. कफर्णहूम गावात छप्पर उसकटून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशूने आधी पापांची क्षमाच सांगितली, चालायला नंतर लावले. आपल्याला पडलेला प्रश्न चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांनीही विचारात घेतला होता. त्यांचे म्हणणे असे, की पाप हा केवळ अपराध असता तर पश्चात्तापाने भागले असते. पण पापाबरोबर नाश आणि मरण मनुष्याच्या स्वभावातच मुरले, आणि जे आत मुरले ते बाहेरून दिलेल्या हुकुमाने निघत नाही. कळकलेले ताक ओतून देता येते, मात्र कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात उद्याचेही ताक कळकणारच. ते भट्टीवर तापवून, नवसागर टाकून आतून कथीलच फिरवावे लागते. ही उपमा अर्थात तोकडी आहे, कारण कल्हईवाला स्वतः पातेले होत नाही, आणि येथे तर नेमके तेच घडले असे ख्रिस्ती श्रद्धा सांगते. मरण जेथे मुरले होते तेथेच त्याला गाठायचे, म्हणून वधस्तंभही टळला नाही.

अवताराशी साम्य आहेच. तथापि गीतेतील अवतार युगायुगांत होतो आणि त्याच्या कार्यात दुष्कृतांचा विनाशही येतो. येथे देहधारण एकदाच होते आणि ते पाप्याला शोधण्यासाठी असते. शिवाय तो देह सोंग नव्हे. इ. स. 451 मध्ये खाल्केदोन येथील धर्मपरिषदेने ख्रिस्त खरा देव आणि खरा मनुष्य असल्याचे ठरवले. शोमरोनातील विहिरीवर भर दुपारी थकून बसलेला आणि एका बाईकडे पाणी मागणारा येशू पाहिला, की त्या सूत्रातील ‘खरा मनुष्य’ अधिक चांगला समजतो.

सगळ्यात मोठा फरक मला शेवटाकडे दिसतो. अवतारकार्य झाले की अवतार संपला, असे आपण सहज म्हणतो. लूकच्या शुभवर्तमानात मात्र मरणातून पुन्हा उठलेला येशू घाबरलेल्या शिष्यांना हातपाय दाखवतो, खायला काही आहे का असे विचारतो आणि त्यांनी दिलेला भाजलेल्या माशाचा तुकडा त्यांच्यासमोर खातो. काम संपले म्हणून त्याने देह टाकला नाही. त्यामुळे ख्रिस्ती अर्थाने ‘तारण’ म्हणजे देहापासून सुटका नसून देहासकट माणसाची सुटका आहे.