बाळसं धरेपर्यंत थांबू नका

ताई, बहिणीचं बाळ नऊ दिवसांचं, टू-डी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) टीजीए, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल, निघालं, डॉक्टर आठवड्याभरात ऑपरेशन म्हणताहेत आणि आजी म्हणतात, "आधी बाळसं तरी धरू दे." अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे हाच वाद झाला होता. माझ्या मुलीचं आर्टेरियल स्विच, म्हणजे या धमन्या आपापल्या जागी आणण्याचं ऑपरेशन, सतराव्या दिवशी झालं.

आजींनी 'हृदयाला भोक' असलेली मुलं पाहिली असणार. त्यात पुष्कळदा थांबतात, लहान भोकं आपोआप बुजतातही. इथे मुख्य दुखणं भोकाचं नाही, धमन्यांचीच अदलाबदल झालीय. महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते, फुफ्फुसाची डाव्यातून. अशुद्ध रक्त अंगातच फिरतं, शुद्ध फुफ्फुसातच. दोन्ही जिथे थोडी मिसळतात, त्यावर बाळ तगून आहे. प्रोस्टाग्लँडिन या औषधाचं ड्रिप त्यातलीच एक वाट, डक्टस (दोन्ही धमन्यांना जोडणारी, जन्मानंतर मिटणारी नळी), उघडी ठेवतं. त्याने मध्येच श्वास थांबू शकतो, म्हणून मॉनिटर. मिसळण कमी पडली तर शिरेतून फुगा नेऊन वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र मोठं करतात.

घाई आहे ती डाव्या कप्प्यासाठी. जन्मानंतर फुफ्फुसातला दाब उतरतो, त्याला जोर लावावा लागत नाही आणि तो आठवड्यागणिक सैलावतो. स्विचनंतर अंगभर रक्त ढकलायचंय त्यानेच! मोठं व्हीएसडी (खालच्या दोन कप्प्यांमधलं भोक) सोबत असेल तर थोडी सवड मिळते, एरवी नाही.

धमन्या कापून जागा बदलणं त्यातल्या त्यात सोपं. कस लागतो तो जेमतेम दीड मिलिमीटरच्या कोरोनरी (हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या धमन्या) उचलून नव्या जागी शिवताना. ब्राझीलचे डॉ. जातेने यांना ते १९७५ मध्ये जमलं. त्याआधी वरच्या कप्प्यांतच रक्त वळवत, पण मग जन्मभर अंगाचा भार उजव्या कप्प्यावर, आणि तो पुढे थकायचा.

सर्जनना दोनच गोष्टी विचारा: कोरोनरींची ठेवण कशी आहे, आणि नवजात बाळांची स्विच इथे वर्षाला किती होतात? दुसरीकडे न्यायचं ठरलं तर ड्रिप चालू ठेवूनच न्या. खर्चासाठी जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी आजच करा.

आणि बहिणीला आधीच सांगून ठेवा, सूज असेल तर एक-दोन दिवस छाती न शिवता नुसती झाकून ठेवतात. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आयसीयूच्या काचेतून ते बघून बायको मटकन खाली बसली होती.