गाभण डुकरिणीचे पहिले सत्तर दिवस

ठाणे

प्रिय मित्रा,

मुरबाडच्या शेडमध्ये बारा पिल्लांच्या वेतात तीन-चार पिल्लं आठशे ग्रॅमचीच निघतात, आणि शेवटच्या महिन्यात खुराक वाढवूनही फरक पडत नाही, असं तू लिहिलंस. फरक पडणारही नाही. तू खुराक वाढवतोस तोवर वार, म्हणजे गर्भाला आईकडून पोषण पोचवणारी प्लॅसेंटा, बांधून झालेली असते.

डुकरीण साधारण ११४ दिवस गाभण राहते. पिल्लांचं बहुतेक वजन शेवटच्या चाळीसेक दिवसांत चढतं, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. पण गर्भ तेराव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या भिंतीला चिकटू लागतात, आणि विसाव्या ते सत्तराव्या दिवसांत वार झपाट्याने पसरते. पुढे तिचा आकार फारसा वाढत नाही. घड्या खोल होतात, रक्तवाहिन्या दाटतात. डुकरिणीची वार भिंतीत घुसत नाही, नुसती टेकून असते. आई आणि पिल्लू यांच्या रक्तामध्ये सहा थर उरतात, त्यामुळे वारेला पृष्ठभाग किती मिळाला यावर पिल्लाचं पोषण ठरतं. साधारण ३५ व्या दिवसापासून जागेची चणचण सुरू होते. शेजाऱ्याने जागा बळकावली की ते पिल्लू लहानच राहतं.

म्हणून तुझं पहिलं काम हॉटेलचं खरकटं बंद करणं. वाशी-नेरूळहून स्वस्तात मिळतं हे खरं, पण त्यात तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. दहा किलो खरकट्यात कोरडा माल जेमतेम दोन-अडीच किलो, तोही आज बिर्याणी, उद्या नुसता भात. तेल आणि मीठ जास्त, प्रथिनं कधी आहेत, कधी नाहीत. मादी लठ्ठ दिसते आणि वार मात्र उपाशी राहते. फार चरबी चढलेल्या मादीच्या वारेत रक्तवाहिन्याही कमी भरतात. शिवाय आफ्रिकन स्वाइन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग २०२० पासून देशात आहे. न उकळलेलं खरकटं म्हणजे त्याला घरी बोलावणं.

शंभर किलो खुराकासाठी मका भरडा ६०, गव्हाचा कोंडा २५, सोयाबीन पेंड १२, मिनरल मिक्श्चर अडीच आणि मीठ अर्धा किलो घे. प्रथिनं १४ टक्क्यांच्या आसपास येतात, लायसिन हे गरजेचं अमिनो आम्लही (प्रथिनाचा घटक) पुरतं. मिनरल मिक्श्चर डुकरांचंच घे, गायीचं नको. आणि त्यात जीवनसत्त्वं आहेत ना, हे पाकिटावर वाच. फोलिक अ‍ॅसिड गर्भाच्या सुरुवातीच्या वाढीला लागतं. शेंगदाणा पेंडीत आर्जिनिन, म्हणजे वारेत रक्तवाहिन्या वाढवणारं अमिनो आम्ल, भरपूर असतं म्हणून मोह होईल. पण तिच्यात लायसिन कमी, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ती बुरशी फार लवकर धरते. मक्याचंही तेच. ओलावा १३ टक्क्यांच्या वर असेल तर माल परत पाठव. बुरशीतलं झिअरॅलेनोन हे विष शरीरात इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखं वागतं आणि गर्भधारणाच बिघडवतं.

किती द्यायचं? मध्यम अंगाच्या मादीला दिवसाला दोन ते सव्वादोन किलो, सत्तराव्या दिवसापर्यंत रोज तेवढंच. पहिलारू मादीला फळल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस दोन किलोच्या वर जाऊ नकोस. खाणं वाढलं की यकृतातून रक्त जास्त वाहतं, प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक लवकर निकाली निघतं, आणि गर्भाशय गर्भ सांभाळायला तयार होत नाही. दूध पाजून खंगलेल्या मादीची गोष्ट वेगळी. तिला अडीच-पावणेतीन किलो दे, अंग भरेपर्यंत. पाठीवरून तळहात जोराने दाबून फिरव. मणके लगेच लागले तर बारीक, दाबूनही लागत नाहीत तर लठ्ठ.

एप्रिल-मेच्या उकाड्यात खुराक पहाटे आणि सूर्य मावळल्यावर दे. तापलेल्या जनावराचं रक्त कातडीकडे धावतं आणि गर्भाशयाला कमी मिळतं. पाणी रोज १५ ते २० लिटर तरी हवं, पाणी पिण्याच्या नळाच्या निपलमधून मिनिटाला दोन लिटर येतं का ते बादली लावून मोज.

आर्जिनिनची पूड विकणारे येतील. अमिनो आम्ल म्हणून त्याला आधार आहे: त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड आणि पॉलिअमाइन ही द्रव्यं बनतात, वारेत नव्या रक्तवाहिन्या फुटतात. खुराकाच्या एक टक्का, म्हणजे दोन किलोमागे २० ग्रॅम, ३० व्या दिवसापासून दिल्यावर जिवंत पिल्लं वाढल्याचे प्रयोग आहेत. पण फळल्या दिवसापासून देऊ नकोस. तसं दिल्यावर गर्भ कमी झालेलेही दिसले आहेत. माझ्या मते आधी खुराक ताळ्यावर आण, मग पुडीचा विचार.

पुढच्या वेताला प्रत्येक पिल्लाच्या नाळेला आकडा घातलेला दोरा बांध, म्हणजे कोणती वार कोणाची हे नंतर जुळवता येतं. वार धुऊन, पाणी निथळू देऊन वजन कर आणि पिल्लाच्या वजनाशेजारी लिही. वार लहान आणि पिल्लू लहान, अशा जोड्या जास्त निघाल्या तर पहिल्या सत्तर दिवसांची खुराकाची वही घेऊन ये. वारा बऱ्या आणि पिल्लंच हलकी असतील, तर शेवटचा महिना, उकाडा आणि रोग तपासू.

तुझा,
काका