नव्या नारळाची पहिली पोय आणि खालच्या झावळ्या: छाटायच्या की ठेवायच्या?

पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, काढू नका आणि हिरव्या झावळीला कोयता लावू नका. माळी काहीही म्हणो.

तुम्ही लिहिलंय की परसातल्या ऑरेंज ड्वार्फ या बुटक्या जातीच्या माडाला चौथ्या वर्षी पहिली पोय आली, तिच्यावरची बारीक बोंडं सगळी गळली, आणि माळी सांगतोय की पोय उतरवा, खालच्या पाच-सहा झावळ्या साफ करा, म्हणजे झाडाची ताकद वर जाईल. हे 'ताकद वर जाईल' मी लग्न होऊन दापोलीकडे आले तेव्हापासून ऐकतेय, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसले.

माझं माहेर मिरजेचं. त्यामुळे माडाबद्दल तोंड उघडलं की थोरल्या दिरांचं, म्हणजे दादांचं, ठरलेलं वाक्य येतं: "घाटावरच्या माणसाला माडातलं काय कळणार?" सासूबाईंनी एकाच वर्षी, एकाच ठिकाणाहून आणलेली बाणवलीची, म्हणजे उंच जातीच्या माडाची, रोपं लावली होती. काही फाटकाशी, काही मागे विहिरीकडे. दादा मुंबईला असतात. दर मे महिन्यात आले की फाटकाकडचे माड 'मोकळे' करून घ्यायचे. गडी खालच्या हिरव्यागार झावळ्या सपासप उतरवायचा आणि वर नुसता तुरा ठेवायचा. अंगण छान दिसायचं, हे खरं. मी विरोध केला की म्हणायचे, "केस कापले की जोमानं वाढतात, तसंच हे."

तसं नाही. माडाला वाढीची जागा एकच, शेंड्यातला कोंब. त्यातून साधारण महिन्याला एक झावळ बाहेर पडते. खालची तोडली म्हणून वरची लवकर येत नाही, आंब्यासारखा बाजूने फुटवाही येत नाही. तोडलेली झावळ म्हणजे निव्वळ वजाबाकी. शिवाय प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय असते. आज उमललेल्या पोयीची सुरुवात कोंबाच्या आत अडीच-तीन वर्षांपूर्वीच झालेली असते. म्हणजे या वर्षीच्या उपासमारीचा हिशेब झाड पुढे कधीतरी चुकता करतं, आणि तोवर कोयता कुणाला आठवत नाही. चांगल्या वाढलेल्या बाणवलीच्या डोक्यावर तीसहून जास्त झावळ्या असतात. आमच्या फाटकाकडच्या माडांना त्याच्या निम्म्याही कधी दिसल्या नाहीत.

विहिरीकडच्या माडांना मी हात लावू दिला नाही. त्यासाठी घरात भांडणं झाली, एका वर्षी तर दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सातव्या वर्षी मागच्या माडांना पोयी आल्या. फाटकाकडचे तसेच उभे होते, खोड वर निमुळतं होत चाललेलं. आणि मग एका पावसाळ्यात त्यातला एक गेला. ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तिथे अंडी घालतो, अळ्या आतून खोड पोखरतात. खोडातून तांबूस रस आणि चावलेला भुसा बाहेर आला तेव्हा आम्हाला कळलं, तोवर शेंडा आतून कुजला होता. सासूबाईंनी त्या रोपाला उन्हाळ्यात कळशीनं पाणी घालून जगवलं होतं. दादा अजूनही म्हणतात, खाऱ्या वाऱ्यानं गेला. खाऱ्या वाऱ्यानं माड मरत असते तर कोकणच्या किनाऱ्यावर एक माड उरला नसता.

बोंडगळीची काळजी करू नका. पोयीवर नरफुलं हजारो असतात, मादीफुलं म्हणजे बुडाशी दिसणारी गोल बोंडं, ती मोजकी. पहिल्या काही पोयींमध्ये तर कधी नुसती नरफुलंच येतात. बुटक्या जातीत दोन्ही फुलांचा काळ एकमेकांवर येतो, त्यामुळे एकटं झाडही फळ धरतं. वर्षभर वाट बघा. पुढच्या पोयी टिकू लागल्या की बोंडापासून शहाळ्याला सहा-सात महिने, पक्क्या नारळाला अकरा-बारा महिने धरा. वर्षानंतरही सगळंच गळत असेल तर आधी पाणी आणि पोटॅश बघा. कोकणात मोठ्या माडाला वर्षाला २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश हप्त्याहप्त्यानं देतात. पाचव्या वर्षापर्यंत दरवर्षी एक-एक पंचमांश वाढवत न्यायचं.

खालच्या झावळ्या पिवळ्या पडल्यात म्हणून माळी मागे लागला असेल तर तेही पोटॅशचंच असू शकतं. कमी पडलं की माड जुन्या पानातलं ओढून नव्याला देतो. ती पिवळी झावळ काढलीत की तो तिच्या वरच्या झावळीतून ओढणार आणि पिवळेपणा वर सरकणार. पुढे घड धरले की खालच्या झावळ्यांचे देठ त्यांना आधार देतात, नाहीतर बुटक्या माडाचा घड वजनानं मोडतो.

पूर्ण वाळलेली, लोंबणारी, ओढल्यावर सहज सुटणारी झावळ खुशाल काढा. हीर काढून खराटा करा. हिरवी झावळ विजेच्या तारेला लागत असेल तर कापावीच लागेल, पण पावसाळ्यात नको, आणि देठ चारेक फूट ठेवा म्हणजे अळी खोडापर्यंत पोचत नाही. नव्या झावळीवर पंख्यासारखे कातरे दिसले तर तो गेंड्या भुंगा. वरच्या तीन झावळ्यांच्या बगलेत डांबरगोळ्या ठेवून वर वाळू घाला. शेणखताचा ढीग झाडाजवळ नको, हा भुंगा तिथेच वाढतो.

हे सगळं माडाचं. पोफळीची झावळ विरीसकट, म्हणजे खोडाला वेढणाऱ्या बुडासकट, आपोआप गळते आणि त्याच जागी पोय येते, तिथे छाटणीचा प्रश्नच नाही. कुणाच्या परसात भेरली माड (फिशटेल पाम) असेल तर त्याचा फुलोरा वरून खाली येत जातो आणि तो संपला की झाड संपतं, छाटून काही वाचत नाही.

आणि एक गोष्ट दादांच्या बाजूची सांगायलाच हवी. विहिरीकडच्या माडांना धुण्याचं पाणी जातं, फाटकाकडे तेवढं जात नाही. फरकातला थोडा भाग त्याचाही असेल. पण पाणी कमी मिळणाऱ्या झाडाच्या झावळ्या तर त्याहून जपायला हव्यात. दादा हे वाचतील हे मला माहीत आहे. दादा, फाटकाकडचे जे उरलेत त्यांना या मे महिन्यात कोयता लावायचा नाही. अंगण मी झाडून ठेवीन.