आडनावाच्या शेवटी वाय, मग आय-ई-एस का नाही?

प्रश्न: एका इंग्रजी कथेत सी-एच-ओ-एल-एम-ओ-एन-डी-ई-एल-ई-वाय असं आडनाव आलंय, मी तरी पहिल्यांदाच पाहिलं. एका वाक्यात त्याच्याआधी 'अ मिस्टर' आहे आणि पुढे एकदा 'द' लावून शेवटी नुसता एस जोडलाय. नावाला आर्टिकल लागत नाही असंच शिकलोय, मग हे काय? आणि शेवटी वाय आहे तर आय-ई-एस का नाही केलं?

उत्तर: आधी उच्चार सांगते, कारण इथे बहुतेक सगळेच अडखळतात. बारा अक्षरं दिसतात पण म्हणायचं फक्त 'चमली'. इंग्लंडमधल्या जुन्या आडनावांचं असंच आहे, स्पेलिंग जुनंच राहिलं आणि बोलण्यात नाव झिजत गेलं. फेदरस्टोनहॉ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं त्याचा एक उच्चार 'फॅनशॉ' आहे, मार्जोरीबँक्सचा 'मार्चबँक्स'. हे माहीत असायलाच हवं कारण 'अ' की 'अ‍ॅन' हे उच्चारावर ठरतं. यूइंग हे आडनाव ई ने सुरू होतं पण ऐकू 'यू' येतं म्हणून 'अ यूइंग', अर्कर्टला मात्र 'अ‍ॅन'.

आता तुमचं 'अ मिस्टर'. आपण मराठीत म्हणतो ना, 'कुणी चमली म्हणून आले होते', अगदी तेच आहे ते. बोलणारा त्या माणसाला ओळखत नाही, नाव तेवढं कळलंय. तो 'अ' काढलात तर चमली ओळखीचे आहेत असा अर्थ होतो, त्यामुळे कथेत तो एका अक्षराचा शब्द खूप काही सांगून जातो आणि वाचताना तो सोडू नका असं मला मनापासून वाटतं. 'द' लावून अनेकवचन म्हणजे चमली मंडळी, सगळं घर, क्रियापदही मग अनेकवचनी. आणि एकट्या नावाआधी 'द' जोर देऊन 'दी' असं म्हटलं तर 'तेच का ते प्रसिद्ध?'

आय-ई-एसचं म्हणाल तर इथे वायच्या आधी ई आहे, म्हणजे साध्या शब्दाच्या नियमानेही नुसता एसच लागला असता, मंकी शब्द आठवा. पण खरी गंमत केनेडीमध्ये आहे, तिथे वायच्या आधी व्यंजन आहे तरी वाय तसाच ठेवून एस लावतात, कारण आडनावाची मूळ अक्षरं बदलत नाहीत, बदलली तर वाचणाऱ्याला मूळ आडनाव काय होतं तेच कळणार नाही. म्हणून वुल्फ आडनावाचं कुटुंब 'वुल्फ्स' होतं 'वुल्व्ज' नाही आणि हॉफमनचं 'हॉफमेन' करायचं नाही. जोन्ससारखं एस ने संपणारं असेल तर ई-एस जोडायचं, जोन्सेस, पण तेही मूळ नावाच्या पुढे.

अ‍ॅपॉस्ट्रॉफी अनेकवचनाला लावायचीच नाही, ती मालकीची खूण आहे. चमलींचं घर असं लिहायचं असेल तर आधी एस आणि मग अ‍ॅपॉस्ट्रॉफी, एकट्या चमलीचं असेल तर आधी अ‍ॅपॉस्ट्रॉफी मग एस. जोन्सच्या बाबतीत मात्र अ‍ॅपॉस्ट्रॉफीनंतर परत एस लावणारे आणि न लावणारे दोन्ही आहेत, एक पद्धत धरा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा.

अजून एक, फारसं न आढळणारं आडनाव चक्क क्रियापदही होऊ शकतं. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन चार्ल्स बॉयकॉट हे एका जमीनदाराचे कारभारी होते, खंडाच्या वादातून लोकांनी त्यांचं काम करणं, त्यांच्याशी व्यवहार करणं सगळं बंद केलं आणि तेव्हापासून बहिष्काराला तोच शब्द. क्रियापद म्हणून लिहिताना बी लहान आणि भूतकाळाला ई-डी, पण त्या घराण्याबद्दल लिहाल तेव्हा बी कॅपिटलच.