वाचकांचे प्रश्न : घरातला छोटा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प

प्रश्न : जुन्या धाटणीचा, गिटारसाठीचा ५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा ध्वनिवर्धक) नुकताच घेतला. इतक्या कमी वॅटचा अ‍ॅम्प घरात बिनदिक्कत वाजवता येईल असे वाटले होते. परंतु व्हॉल्यूमचा नॉब निम्म्यावर नेताच घरातले लोक दार लावून घेतात, आणि अगदी खाली ठेवला तर आवाज कोरडा, निर्जीव वाटतो. अ‍ॅम्पमध्ये काही दोष आहे का?

उत्तर : दोष नाही. वॅट आणि कानाला जाणवणारा आवाज यांचे नाते सरळ नसते. शक्ती दहापट वाढली की आवाज १० डेसिबलने वाढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५० वॅटच्या अ‍ॅम्पच्या तुलनेत तुमचा अ‍ॅम्प दहा पटींनी नव्हे, जेमतेम निम्म्याने शांत आहे. गिटारच्या स्पीकरची संवेदनशीलता १ वॅटला १ मीटरवर ९५ डेसिबल धरली, तर ५ वॅटला तोच स्पीकर सुमारे १०२ डेसिबल देतो. कामाच्या ठिकाणी ८ तासांसाठी ८५ डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानणाऱ्या आणि प्रत्येक ३ डेसिबलमागे वेळ निम्मी करणाऱ्या प्रचलित हिशेबाप्रमाणे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे मिळतात. म्हणून घरच्यांचीच नव्हे, स्वतःच्या कानांचीही काळजी घ्या.

आता निर्जीव वाटण्याचे कारण. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धातला फेंडर कंपनीचा चॅम्प हा अ‍ॅम्प या वर्गाचा नमुना मानला जातो. त्यात सुरुवातीला गिटारचा क्षीण संकेत वाढवणारा एक १२एएक्स७, शेवटी स्पीकरला शक्ती पुरवणारा एकच ६व्ही६ (पॉवर व्हॉल्व्ह) आणि विजेचे एकदिशीकरण करणारा ५वाय३, असे तीनच व्हॉल्व्ह असत आणि नॉब एकच, व्हॉल्यूमचा. अशा रचनेत व्हॉल्यूम वाढवला की शेवटचा व्हॉल्व्ह त्याच्या मर्यादेपर्यंत जातो, लाटेचे माथे एकदम न तुटता हळूहळू चेपले जातात, एकाच व्हॉल्व्हमुळे सम संख्येचे उपस्वर ठळक होतात आणि जोरात छेडलेल्या तारेवर वीजदाब किंचित बसून स्वर दाबला जातो व पुन्हा फुलतो. ज्याला आपण त्या अ‍ॅम्पचा टोन म्हणतो त्याचा मोठा भाग इथे घडतो. व्हॉल्यूम खाली असताना यातले जवळजवळ काहीच होत नाही. शिवाय फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ साली मांडलेल्या आलेखांवरून दिसते की, आवाज लहान झाला की मानवी कानाला खर्ज आणि तीव्र टोक दोन्ही कमी ऐकू येतात. त्यामुळे काही कोरडेपणा अ‍ॅम्पमध्ये नसून कानात असतो, आणि तो कुठल्याही अ‍ॅम्पला चुकत नाही.

उपाय करताना प्रथम नॉबचे वागणे समजून घ्या. बहुतेक अशा अ‍ॅम्पमध्ये मोठेपणा पहिल्या अर्ध्या फेरीतच जवळजवळ पूर्ण मिळतो. त्यापुढे आवाज फारसा वाढत नाही, फक्त अधिकाधिक फाटत जातो. तेव्हा आवाज नुकताच फाटू लागतो ती जागा शोधा, आणि नंतर गिटारवरचा व्हॉल्यूम १० वरून ६–७ वर आणा. तोच अ‍ॅम्प स्वच्छ होतो, जोराने छेडले की पुन्हा खरखरतो. गिटारचा नॉब खाली आणल्यावर तीव्र स्वर बोथट होत असतील, तर नॉबला जोडायचा एक छोटा कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा सुटा भाग) तो तोटा बराच भरून काढतो. गिटारच्या नॉबने आवाज सांभाळणे ही माझ्या मते छोट्या अ‍ॅम्पबरोबर शिकण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तिला पैसा लागत नाही. अ‍ॅम्पवर दोन इनपुट असतील तर दुसरे वापरून पाहा. जुन्या फेंडर पद्धतीच्या जोडणीत ते संकेत साधारण निम्मा, म्हणजे ६ डेसिबलने कमी करते.

एवढ्यानेही घरात भागत नसेल तर स्पीकरकडे लक्ष द्या. १०० डेसिबलचा स्पीकर काढून ९२ डेसिबलचा बसवला, तर ८ डेसिबल कमी होतात, म्हणजे शक्ती सुमारे एक षष्ठांश केल्यासारखे होते आणि अ‍ॅम्प मात्र पूर्ण ताकदीने काम करत राहतो. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये लावायचा अ‍ॅटेन्युएटरही तेच करतो. ६ ते १० डेसिबलपर्यंत तो छान चालतो; त्याहून खूप कमी केले की स्पीकरचा कागद पुरेसा हलत नाही आणि टोन पुन्हा मिटून जातो. रात्री उशिरा वाजवायचे असेल, तर अ‍ॅम्प स्वच्छ ठेवून पुढे ओव्हरड्राइव्हचे, म्हणजे आवाज फाडून देणारे पेडल लावणे मला अधिक बरे वाटते.

प्रश्न : रात्री स्पीकरची तार काढून हेडफोनवर सराव करता येईल का?

उत्तर : स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अ‍ॅम्प कधीही वाजवू नका. ६व्ही६सारख्या व्हॉल्व्हला काही हजार ओहमचा भार हवा असतो आणि स्पीकर ४ किंवा ८ ओहमचा असतो. त्या दोघांचा मेळ आउटपुट ट्रान्सफॉर्मर घालतो. स्पीकर निघाला की ट्रान्सफॉर्मरमध्ये साठलेल्या ऊर्जेला वाट राहत नाही, त्याच्या वेटोळ्यात प्रचंड दाब निर्माण होतो आणि इन्सुलेशन फुटून ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अ‍ॅम्पमधला हा सर्वांत महाग भागांपैकी एक असतो. काही अ‍ॅम्पमध्ये स्पीकरची पिन काढताच आउटपुट आपोआप शॉर्ट करणारा जॅक असतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

हेडफोनसाठी लोड बॉक्स, म्हणजे स्पीकरऐवजी अ‍ॅम्पची शक्ती सोसणारी पेटी घ्यावी. तिचे ओहम अ‍ॅम्पच्या आउटपुटइतकेच असावेत, आणि तिची सोसण्याची क्षमता अ‍ॅम्पच्या नमूद शक्तीच्या किमान दुप्पट असावी, कारण पूर्ण फाटलेल्या आवाजात अ‍ॅम्प नमूद वॅटपेक्षा अधिक शक्ती देतो. त्यापुढे स्पीकरच्या पेटीचा परिणाम देणारे यंत्र हवे, नाहीतर हेडफोनमध्ये आवाज माशीसारखा भुणभुणतो. आणखी एक गोष्ट : अ‍ॅम्पपासून वेगळ्या स्पीकरपर्यंत गिटारची केबल वापरू नका. दिसायला सारखी असली तरी तिची आतली तार बारीक असते. तिथे जाड, साध्या दोन तारांची स्पीकर केबलच हवी.

प्रश्न : एका नातेवाइकांनी त्यांचा अनेक वर्षे बंद पडून असलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प मला दिला आहे. त्याला दोनच पिनांचा प्लग आहे. आमच्याकडे वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर लावून सुरू करू का?

उत्तर : कृपया लगेच सुरू करू नका. दोन पिनांच्या अनेक जुन्या अ‍ॅम्पमध्ये विजेची एक तार आणि धातूचा सांगाडा यांच्यामध्ये कपॅसिटर असतो. तो निकामी होऊन शॉर्ट झाला की सांगाड्यात, तिथून गिटारच्या तारांत आणि तुमच्या बोटांत वीज येऊ शकते. जाणकार तंत्रज्ञाकडून तो कपॅसिटर काढून घ्या आणि सांगाड्याला पक्की अर्थिंग असलेली तीन तारांची केबल बसवून घ्या. वस्तू जुन्या रूपात जपण्याची इच्छा मला समजते, पण या एका बाबतीत मूळ जोडणी राखण्याचा आग्रह धरू नये.

वीजपुरवठा गाळणारे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर वर्षानुवर्षे पडून राहिले की आतून वाळतात, तेही तपासावे लागतील. झाकण स्वतः उघडण्याचा मोह टाळा : आत ३०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतो.

हे सर्व झाल्यावर वीजदाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा. या आकाराच्या अ‍ॅम्पला १०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा सहसा पुरतो, मात्र अ‍ॅम्पच्या मागच्या पट्टीवरचा आकडा पाहून खात्री करा. असा ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. केवळ ६० हर्ट्झसाठी बनवलेला अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक तापतो, म्हणून त्याच्या पट्टीवर ५०/६० असे लिहिलेले आहे का तेही पाहा. फ्यूज नेहमी नमूद आकड्याचाच वापरा.

प्रश्न : अ‍ॅम्प सुरू केला की घरघर येते, आणि काही स्वरांवर टणटणही ऐकू येते. नवे व्हॉल्व्ह घ्यावेत का?

उत्तर : आधी गिटारची केबल अ‍ॅम्पमधून काढा. घरघर थांबली तर ती पिकअपमधून, म्हणजे गिटारच्या तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय वेटोळ्यातून येते आहे. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप असेल तर बसण्याची दिशा बदलून पाहा आणि ट्रान्सफॉर्मर, मंदक (डिमर) असलेले दिवे यांपासून दूर बसा. केबल काढूनही घरघर राहिली तर ती अ‍ॅम्पची आहे. एकाच पॉवर व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये थोडी घरघर असतेच, कारण जोडीने काम करणाऱ्या व्हॉल्व्हप्रमाणे ती परस्परांत रद्द होत नाही. ती वाढत चालली असेल तर बहुधा गाळणी कपॅसिटर थकले आहेत, आणि नव्या व्हॉल्व्हने काही साधणार नाही.

टणटणीसाठी अ‍ॅम्प सुरू असताना लाकडी पेन्सिलीने १२एएक्स७ वर अलगद टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला तर तो व्हॉल्व्ह कंपने पकडतो आहे. अ‍ॅम्प बंद करून, काच गार झाल्यावर तो बदला. या व्हॉल्व्हसाठी सहसा काहीही जुळवावे लागत नाही. चॅम्पसारख्या कॅथोड बायस रचनेत व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह (तो ठरवणे म्हणजे बायस लावणे) आपोआप सांभाळला जातो, त्यामुळे ६व्ही६ बदलतानाही बहुधा बायस लावावा लागत नाही. फिक्स्ड बायसच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र तो लावून घ्यावाच लागतो. काचेच्या आतल्या बाजूस दिसणारी निळसर झाक साधारणतः निरुपद्रवी असते. पण आतला राखाडी पत्रा लाल होऊ लागला तर क्षणाचाही विलंब न करता अ‍ॅम्प बंद करा आणि तंत्रज्ञाने पाहीपर्यंत पुन्हा सुरू करू नका.