वापरकर्त्यांच्या यादीत एकच नाव

"मॅडम, मला कोडिंग येत नाही. तयार साधने एकमेकांना जोडून मी एकट्याने जे उभे करतो आहे, त्याला व्यवसाय म्हणता येईल का? आणि म्हटलेच, तर तो टिकेल का?"

मी समुपदेशक आहे. गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला आहे की, समोरची व्यक्ती बोलू लागताच तो कोठे येऊन थांबणार याचा मला अंदाज येतो. विचारणाऱ्यांमध्ये नोकरी सोडलेले असतात, सोडू पाहणारे असतात, घर सांभाळून स्वतःचे काही करू इच्छिणाऱ्या स्त्रिया असतात. कोड न लिहिता ॲप किंवा संकेतस्थळ रचू देणाऱ्या या साधनांना नो-कोड म्हणतात; कोणी त्यांपैकी नोशनवर काम करते, कोणी वेबफ्लोवर, परंतु स्वरातली धास्ती सारखीच असते. त्यांपैकी एका गृहस्थांबरोबर झालेले काम येथे मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सात महिन्यांतील तेरा भेटींमधले मोजकेच संवाद घेतले आहेत.

हे गृहस्थ चाळिशी ओलांडलेले होते. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात त्यांनी बारा वर्षे वेळापत्रक आणि फीचा हिशेब सांभाळला होता. गायन, वाद्य किंवा नृत्य शिकवणाऱ्या एकट्या शिक्षकांसाठी हजेरी, फी आणि बुडालेले तास यांची नोंद ठेवणारे साधे ॲप करावे, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना चांगली होती, कारण ती त्यांच्या स्वतःच्या अनुभवातून आली होती. वर्षभराच्या घरखर्चाची तजवीज करून त्यांनी नोकरी सोडली होती आणि ते माझ्याकडे आले तेव्हा त्यातील आठ महिने संपले होते.

पहिल्या भेटीत ते जवळजवळ अखंड बोलले. पहिली आवृत्ती एअरटेबल या माहितीचे तक्ते ठेवणाऱ्या साधनावर केली, ती फार साधी वाटली म्हणून दुसरी ग्लाइड या तक्त्यातून ॲप करणाऱ्या साधनावर केली, तिच्यात मनासारखी मांडणी जमेना म्हणून दोन महिने बसून बबल हे ॲप रचण्याचे साधन शिकले, आणि आता वेगवेगळी साधने एकमेकांना जोडण्यासाठी झॅपिअरऐवजी मेक वापरावे की काय या विचारात होते. मी ऐकत होते आणि माझ्या वहीत एक गोष्ट टिपून ठेवत होते. पाऊण तासात सात साधनांची नावे आली होती, मात्र एकाही शिक्षकाचा उल्लेख आला नव्हता. हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. माणूस जे पाहायला तयार नसतो ते दाखवण्याची घाई केली, तर तो ते पाहण्याऐवजी आपल्याशी वाद घालू लागतो, हे मी अनुभवाने शिकले आहे.

दुसऱ्या भेटीत त्यांनी मनातली बोच सांगितली. "उद्या एखाद्याने विचारले की हे तुम्ही स्वतः तयार केले का, तर मी काय उत्तर देऊ? चौकटी ओढून-सोडून जोडल्या, असे सांगू?"

मी त्यांना व्हिजिकॅल्क या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची हकीकत सांगितली. हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन यांना फळ्यावरील हिशेबाच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागतात, ही अडचण दिसली आणि त्यांनी बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने 1979 मध्ये संगणकावरचा तो तक्ता बाजारात आणला. त्यानंतर ज्या असंख्य माणसांनी प्रोग्रॅमिंगची एकही ओळ न लिहिता संगणकाकडून आपले हिशेब करून घेतले, त्यांचे हिशेब खोटे आहेत असे कोणी म्हटले नाही. 1987 मध्ये ॲपलचे हायपरकार्ड आले, तेव्हा शिक्षकांनी आणि हौशी लोकांनी त्यात स्वतःचे छोटे प्रोग्रॅम रचले. नो-कोड हे नाव नवे असले, तरी आपल्या कामाचे साधन आपणच रचावे ही धडपड जुनी आहे.

"तुम्ही बारा वर्षे जो हिशेब ठेवलात, तो तक्त्यातच होता ना?" मी विचारले.

"हो."

"तो खरा होता का?"

ते हसले. तरीही बोच गेली नाही, कारण तिचे मूळ वेगळ्याच ठिकाणी होते.

तिसऱ्या-चौथ्या भेटीत तिची जागा दुसऱ्या भीतीने घेतली, ती म्हणजे ज्या साधनावर सगळे उभे आहे तेच बंद पडले तर काय. ही भीती मी कधीच उडवून लावत नाही, कारण तिला आधार आहे. गूगलने ॲप मेकर हे स्वतःचे साधन जानेवारी 2021 मध्ये बंद केले. बबलने 2023 मध्ये शुल्क आकारण्याची पद्धत बदलली आणि ॲप किती काम करते त्यावर बिल अवलंबून राहू लागले. शिवाय बबलमध्ये रचलेले ॲप उचलून दुसरीकडे चालवता येत नाही. माहिती तेवढी बाहेर काढता येते.

मराठीत 'काळजी' या शब्दाबरोबर दोन क्रियापदे येतात: आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. माझ्या कामाचा बराचसा भाग माणसाला पहिल्या क्रियापदापासून दुसऱ्यापर्यंत नेण्याचा असतो, असे मला नेहमी वाटत आले आहे. मी त्यांना कागद दिला आणि साधन बंद पडण्याबाबत कोणती काळजी घेता येईल, ते लिहायला सांगितले. दर महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळी माहिती सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कोणत्याही स्प्रेडशीटमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये, उतरवून आपल्याजवळ ठेवायची. संकेतस्थळाचा पत्ता स्वतःच्या नावावर नोंदवायचा. ग्राहकांचे ईमेल पत्ते एकाच साधनात अडकू द्यायचे नाहीत. कोणते काम कोठून सुरू होऊन कोठे जाते, याची एका पानाची टिपणी ठेवायची. आणि साधनांच्या मासिक शुल्कांची बेरीज मिळकतीच्या दहाव्या हिश्शापुढे गेली, तर एखादे साधन कमी करायचे. हे सगळे त्यांनी वीस मिनिटांत लिहिले. लिहून झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मग मी आठ महिने घाबरलो कशाला?"

याचे उत्तर मला पाचव्या भेटीत मिळाले, आणि खरे तर त्यांनीच ते मला दाखवले.

त्या दिवशी मी प्रथमच त्यांना लॅपटॉप उघडून ॲप दाखवण्याची विनंती केली. काम देखणे होते. चौदा पडदे, म्हणजे स्क्रीन, होते, रंग विचारपूर्वक निवडलेले होते, फी थकली की आपोआप स्मरणपत्र जाण्याची सोय होती. पडद्यामागची माहिती जेथे साठते तो तक्ताही त्यांनी अभिमानाने उघडला. त्यात 'वापरकर्ते' नावाचा एक विभाग होता.

"या विभागात कोण कोण आहे?" मी विचारले.

त्यांनी तो उघडला. चार ओळी होत्या: पहिल्या ओळीत त्यांचे नाव, पुढच्या तिन्ही ओळींत 'चाचणी एक', 'चाचणी दोन', 'चाचणी तीन', आणि चारही ओळींसमोर त्यांचाच ईमेल पत्ता.

मी काही बोलले नाही. तेही बोलले नाहीत. समुपदेशकाच्या खोलीतील शांतता ही रिकामी जागा नसते आणि ती भरून काढण्याचा मोह आवरणे हे आमच्या कामातले बहुधा सर्वांत कठीण कौशल्य आहे. दोन-तीन मिनिटांनी त्यांनी लॅपटॉप अर्धवट मिटला.

"मी कोणाला विचारलेच नाही," ते म्हणाले. "आठ महिन्यांत एकाही शिक्षकाला विचारले नाही."

"विचारले असते तर काय झाले असते?"

"नाही म्हणाले असते."

"आणि नाही म्हणाले असते, तर?"

"तर..." ते अडखळले. "बारा वर्षे ज्या कामात घालवली, त्यातलेही मला काही कळत नाही, असे ठरले असते."

मी ज्या विचारपरंपरेत घडले, ती अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची आहे. माणसाला घटनेपेक्षा त्या घटनेमागचा त्याचा हट्ट अधिक छळतो, हे तिचे सार. मराठीत हा हट्ट एका अक्षराने ओळखू येतो, ते अक्षर म्हणजे 'च'. लोकांनी होकार द्यावा ही इच्छा आहे. त्यांनी होकार दिलाच पाहिजे हा हट्ट आहे. मी त्यांचेच वाक्य कागदावर लिहून दिले: 'पहिल्याच शिक्षकाला माझे ॲप आवडलेच पाहिजे, नाहीतर मी निकामीच ठरतो.' त्यांनी तिन्ही 'च' खोडून वाक्य पुन्हा वाचले आणि उरलेला 'नाहीतर'पासूनचा भाग स्वतःहून काट मारून काढून टाकला.

त्या संध्याकाळी वहीत नोंद करताना मला जे उमगले, ते पुढे अनेकांच्या बाबतीत कामी आले. पूर्वी असा माणूस म्हणाला असता, 'मला प्रोग्रॅमिंग येत नाही, म्हणून राहून गेले,' आणि त्या सबबीआड निश्चिंत राहिला असता. नो-कोड साधनांनी ती सबब काढून घेतली. तयार करणे सोपे झाले आणि अनोळखी माणसासमोर जाऊन 'हे घ्याल का, त्याचे पैसे द्याल का' असे विचारण्याची अवघड पायरी उघडी पडली. तिच्यापासून दूर राहण्यासाठी मन पुन्हा त्या साधनांचाच आसरा घेते. आणखी एक पडदा, आणखी एक साधन, आणखी एक आवृत्ती चालू राहते, आणि हा सगळा वेळ कष्टाचा असल्यामुळे त्यात पळ काढल्यासारखे वाटत नाही. ज्यांना ही धास्ती छळते त्यांनी आपल्या तक्त्यात स्वतःच्या ओळखीबाहेरची किती नावे आहेत ती आधी मोजावीत, असे मी आता पहिल्या-दुसऱ्या भेटीतच सुचवते.

पुढच्या दहा दिवसांसाठी आम्ही मिळून एक काम ठरवले. तीन शिक्षकांना भेटायचे, ॲप दाखवायचे नाही, 'तुमचे बुडालेले तास आणि फी यांचा हिशेब महिनाभर मी ठेवतो आणि त्याचे इतके शुल्क घेईन' एवढेच सांगायचे. काम हाताने, साध्या स्प्रेडशीटमध्ये करायचे. ते नाराज झाले. आठ महिन्यांची मेहनत बाजूला ठेवायची हे त्यांना पटेना. तेव्हा मी त्यांना एकट्याने संकेतस्थळे उभारणाऱ्या पीटर लेव्हल्स यांचे उदाहरण दिले. प्रवास करत काम करणाऱ्यांसाठी शहरांची तुलना मांडणारे त्यांचे नोमॅड लिस्ट 2014 मध्ये सुरू झाले ते कोणालाही भरता येईल अशा एका खुल्या स्प्रेडशीटपासून. संकेतस्थळ नंतर आले.

दहा दिवसांनी ते आले तेव्हा आवाजात फरक होता. एकाने स्पष्ट नकार दिला, दुसऱ्याने पुढे पाहू म्हटले आणि एका गायनशिक्षिकेने होकार दिला. "नकार मिळाल्यावर काय ठरले?" मी विचारले. "त्यांच्याकडे पाचच विद्यार्थी आहेत, एवढे ठरले," ते म्हणाले. हे उत्तर माझ्या मनात अजून आहे.

त्या गायनशिक्षिकेला हजेरीचा पडदा नको होता, फीचे स्मरणपत्रही नको होते. कोणत्या विद्यार्थ्याचा कोणता तास बुडाला आणि त्याची भरपाई कधी देणे बाकी आहे, एवढेच तिला हवे होते, कारण पालकांशी होणारे सगळे वाद तेथूनच सुरू होत. चौदा पडद्यांपैकी एकाही पडद्यावर भरपाईच्या तासांना स्वतंत्र जागा नव्हती. चार आठवडे त्यांनी ते काम हाताने केले आणि रोज सारखी करावी लागणारी कृती कोणती, ते टिपून ठेवले. मग त्या एका कृतीपुरते साधन जोडले: माहिती भरण्याचा एक अर्ज, एक तक्ता आणि तास ठरल्यावर जाणारा एक संदेश. हे काम एअरटेबलवर दोन दिवसांत झाले.

येथे एक सावधगिरी नमूद करते, कारण घाईत ती बहुतेकांकडून सुटते. अशा तक्त्यात लहान मुलांची माहिती असते. पडद्यावर एखादा रकाना दिसत नाही याचा अर्थ तो सुरक्षित आहे असा होत नाही. परवानगीचे नियम नीट लावले नसतील, तर न दिसणारी माहितीही वापरणाऱ्याच्या ब्राउझरपर्यंत पोहोचू शकते. त्यांनी जन्मतारीख आणि घरचा पत्ता हे रकाने काढूनच टाकले. जी माहिती घेतलीच नाही, ती सांभाळावीही लागत नाही.

टिकण्याचा प्रश्न शेवटच्या काही भेटींत पुन्हा आला, पण आता त्याला आकडे होते. एका ग्राहकाला महिन्याला साधारण दीड तास लागत होता. आठवड्याला दहा तास एवढेच या सेवेला द्यायचे, उरलेल्या वेळात हिशेबाची इतर कामे घ्यायची, असे त्यांनी ठरवले, म्हणजे पंचवीस-सव्वीस ग्राहकांपलीकडे जाणे त्यांच्या एकट्याच्या आवाक्यात नव्हते. "पंचवीसपुढे काय करायचे?" मी विचारले. "पुढच्यांना थांबायला सांगेन, नाहीतर शुल्क वाढवीन," ते म्हणाले. किती वाढायचे याबरोबर कोठे थांबायचे हेही एकट्या माणसाने आधी ठरवून ठेवावे, असे माझे ठाम मत आहे. ते न ठरवता ग्राहक वाढवत नेलेली आणि वर्षाअखेरीस थकून माझ्याकडे आलेली माणसे मी पाहिली आहेत.

तेराव्या भेटीच्या वेळी त्यांच्याकडे अकरा ग्राहक होते. घरखर्च अजून पूर्ण भागत नव्हता आणि ते त्यांनी न लपवता सांगितले. त्याच आठवड्यात एक नृत्यशिक्षिका सेवा सोडून गेली होती. दोन दिवस वाईट वाटले, मग त्यांनी फोन करून कारण विचारले. तिने दोन वर्ग बंद केले होते. त्यांनी तिची सगळी नोंद सीएसव्ही फाइलमध्ये काढून तिला पाठवली आणि तक्त्यातून पुसून टाकली. तोच तक्ता मला दाखवताना त्यांनी 'चाचणी' नावाच्या तिन्ही ओळीही खोडल्या. पुढच्या भेटीची तारीख त्यांनी मागितली नाही आणि मीही सुचवली नाही.